चष्म्याचं प्रस्थान

अंबादास गुरुजींनी येडशीच्या शाळेत सव्वीस वर्षं समुद्र शिकवला. एकदा एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही पाहिलाय?" आणि गुरुजी "पाहिलाय की" असं बोलून बसले. उन्हाळ्यात नोकरी संपणार होती. त्याआधी ते बोलणं खरं करायचं होतं.

म्हणून आराखडा.

जीप : गावातल्या धुळाप्पाची. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी. मोकळी फक्त रविवारी.
जागा : रत्नागिरीच्या खाली, रस्ता संपतो तिथं.
मुक्काम : तंबूत.
अडचण :

"रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, तिकडं निघू न्हाय," गुरुजींच्या पत्नी शारदाबाई म्हणाल्या.

यावर तोडगा घरातलाच होता. आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची वस्तू त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. हे प्रस्थान. पाच दिवसांत शिळं होतं, मग पुढं सरकवायचं. शारदाबाईंनी गाठोड्यात तांदूळ, सुपारी आणि गुरुजींचा चष्मा बांधला.

"अगं, चष्मा कशाला?"

"ज्याच्यावाचून अडतं तेच ठेवावं. न्हाईतर तुमचं पाऊल निघायचं न्हाय."

पहिला रविवार. वाळूचा सराव म्हणून धुळाप्पानं जीप ओढ्यात घातली.

"चारही चाकं ओढतात म्हणाला होतास."

"ओढतात की. खाली."

बैलांनी जीप बाहेर काढली. गाठोडं बार्शीला सरकलं.

दुसरा रविवार. तंबूची मापं गुरुजींनी लिहिली होती, चष्म्यावाचून. शिंप्यानं तंबूला दोन बाह्या लावल्या. गाठोडं कुर्डुवाडीला.

तिसरा रविवार. सामानाची यादी :



(गुरुजींना ती अशीच दिसत होती.)

गाठोडं मिरजेला गेलं. प्रस्थान म्हटल्यावर कुणी अडवेना. जो तो हात जोडून पश्चिमेच्या ओळखीकडं पाठवी. मग एका शनिवारी रत्नागिरीच्या खालून कार्ड आलं. शारदाबाईंनी वाचलं :

"आपलं प्रस्थान बुधवारी इथं पोचलं. पुढं पाणी आहे. ओट्यावर समुद्राकडं तोंड करून ठेवलंय. पाच दिवसांनी कुठं सरकवावं, कळवणे."

"पाण्यात सरकवा म्हणून लिहू का?" धुळाप्पानं विचारलं.

गुरुजींनी बोटांवर वार मोजले. "उद्याच निघायला पाहिजे."

"सराव झाला न्हाय, गुरुजी. यादी बी न्हाय."

"चष्मा बिनयादीचाच पोचला."

"तुम्हाला दिसंल का वाट?" शारदाबाई म्हणाल्या.

"वाट धुळाप्पा बघंल. समुद्र माझा चष्मा बुधवारपासनं बघतोय." "म्हणजे वर्गात मी खोटं बोललो न्हाय. बोलणं तेवढं आधी पाठवलं होतं."

सकाळी शारदाबाई दशम्या बांधून जीपमध्ये मागं येऊन बसल्या. तंबू त्यांच्या मांडीवर. ओढ्यापाशी आल्यावर धुळाप्पानं हात मागं केला, तंबूची एक बाही ओढून घेतली आणि वळायची खूण म्हणून बाहेर धरली.