सरपणाची चाल

वनरक्षक भरतीत धावण्याच्या परीक्षेत रंजीता दोनदा नापास झाली होती. यंदा कशीबशी निभावली, आता लांब चालण्याची तेवढी राहिली होती. वयाची अट मात्र याच वर्षी संपत होती. यानंतर अर्जच नाही.

सरावासाठी रिकाम्या हाताने भटकायला जंगलातल्या गावात सवड कोणाला? रंजीताने सराव केला तो सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन. चालीचा हिशेब तिच्या मायने, सोनीबाईने, बसवून दिला: निघताना दमानं, चढावर पाऊल आखूड, आणि गावच्या छपरांची कवेलू दिसली की मग सगळा जोर.

परीक्षेच्या दिवशी चंद्रपूरबाहेरच्या डांबरी रस्त्यावर हा हिशेब सुरुवातीलाच कोलमडला. डोक्यावर काहीच नव्हतं. मान हलकी, पाय मोकाट. ती सगळ्यांच्या पुढे निघाली आणि वेडी खूशही झाली. अर्ध्या वाटेत दम उखडला, पोटऱ्यांत गोळे आले, उसन्या बुटांनी टाचा सोलल्या. एकेक पोरगी तिला मागे टाकून गेली. शेवटी थकलेल्यांना गोळा करणारी गाडी मागे दिसू लागली, तेव्हा रंजीता कडेला बसून ढसाढसा रडली. सगळं संपलं होतं. शेवटच्या रेघेपाशी, मंडपाजवळ वाट बघत असलेल्या मायला काय तोंड दाखवायचं?

गाडीत चढायचं म्हणून तिने बूट काढून ओढणीत बांधले. उठताना हात सवयीने वर गेले आणि गाठोडं डोक्यावर बसलं. मान ताठ झाली. पाऊल आपोआप आखूड पडलं. गाडीवाला हाका मारत राहिला, ही आपली चालू लागली.

डांबर चटके देत होतं. बघे डोक्यावरच्या बुटांना हसत होते. मंडपाचं छप्पर दिसलं तशी तिने राहिलेला सगळा जोर लावला, आणि वेळ संपल्याची शिटी वाजायच्या आत रेघ ओलांडली.

परीक्षेचे साहेब म्हणाले, झालं, बस आता. ती बसेना. हात गाठोड्याला तसेच, डोळे गर्दीत कोणाला तरी शोधणारे. ऊन लागलं असावं म्हणून कोणीतरी पाणी आणायला धावलं.

सरपणाचा भारा डोक्यावरून उतरवायला दुसरी बाई लागते, हे त्यांना कोण सांगणार? सोनीबाई गर्दी अडवणारी दोरी ओलांडून आत आली.

"माय, उतरवून दे न."

"आली न मी. सोड आता," सोनीबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी ते बूट खाली घेतले.