आखूड पायांची खाट

मित्रांनो, मी तपासणीची एक जुनी खाट आहे. शिवथरच्या खोऱ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. बिरवाडीच्या महिपती सुतारांनी मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. ते साल बहात्तर-त्र्याहत्तरचं असेल. डॉक्टरांना वाकावं लागू नये म्हणून मला पुरुषाच्या कमरेइतकी उंच केली होती. येणारे-जाणारे म्हणत, "काय ऐटदार खाट हाय!" मी फुलून जायचे. उंचीचा केवढा तोरा होता मला!

तो तोरा राहीने उतरवला.

राही वरच्या वाडीतली. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले. हातांवर भार देऊन ती बसल्या बसल्या सरकत चाले. त्याच हातांनी दळण दळी, भाकऱ्या थापी. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिचा नवरा सोनबा तिला बैलगाडीतून घेऊन आला. माझ्यापाशी येऊन ती नुसती वर पाहत राहिली. मग दोन गड्यांनी तिला काखेत धरून उचललं. लुगडं सरकलं. एक गडी हसून म्हणाला, "यापरीस नाचणीचं पोतं हलकं रे!"

त्यानंतर राही पुन्हा आलीच नाही. पोटातलं पोर आडवं होतं, ते कुणाला कळलंच नाही. घरच्या बाळंतपणात पोर गेलं, राही जेमतेम वाचली.

पुढे दवाखान्यात ललिताबाई नर्स म्हणून आल्या. महाडच्या बौद्धवाडीत वाढलेल्या, बोलायला गोड, पण हट्टाला पक्क्या. राहीला पुन्हा दिवस गेल्याचं कळताच त्या स्वतः वाडीवर गेल्या आणि तिला घेऊनच परतल्या.

"मला उचलायचं नाय, बाई," राहीने दारातच बजावलं. "माजी मी चढेन. नायतर ही चालले घरी."

"अगं, पण एवढ्या उंच चढशील कशी?"

"हिचे पाय कापा की!"

सोनबा दचकला. "गो राही, सरकारी खाट हाय ती!"

"माजं पोर गेलं तवा सरकार आलं होतं काय रडायला?"

ललिताबाईंनी महिपती सुतारांना बोलावणं धाडलं.

करवत लागली तशी मी कळवळले. ज्या हातांनी मला उभी केली, तेच हात मला कापत होते! राही शेजारी जमिनीवर बसून होती. "अजून थोडं, महिपतीकाका," ती म्हणे. शेवटी माझ्या फळीवर तळवा ठेवून म्हणाली, "बास!"

मग तिने दोन्ही तळवे माझ्यावर रोवले, श्वास घेतला, आणि एका झोक्यात वर!

"अगो माकडीण!" सोनबा ओरडला.

"आन् तू माकडिणीचा दादला!"

डॉक्टर मात्र वैतागले. "नर्सबाई, मी आता काय जमिनीवर बसून तपासू?"

"पाट मांडून ठेवलाय, डॉक्टर," ललिताबाई म्हणाल्या. डॉक्टर कुरकुरले, पण बसले.

त्यानंतर राही दर महिन्याला येई, स्वतःची स्वतः चढे. दिवस भरत आले आणि एकदा ललिताबाईंचा हात तिच्या पोटावर थबकला. याही खेपेला पोर आडवंच होतं. पण मित्रांनो, या खेपेला ते कळलं होतं! लगेच जीप आली, राहीला महाडला नेलं. तिथे ऑपरेशन झालं म्हणे. मी इथे दाराकडे कान लावून होते. लाकडालाही घोर लागतो, हे मला तेव्हा उमगलं.

आणि दोनेक महिन्यांनी, एका सकाळी दारातून ओवीच आत आली. राहीची आई, बनुबाई, गात होती:

*खाट आली खाली गो, जमिनीशी बोलली*
*लेकीच्या माझ्या कुशीत चांदणी उजळली*

राही सरकत आली, झोक्यात वर चढली आणि हात पसरून म्हणाली, "आई, दे माजी पोर हिकडं." काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची लेक! तिने माझ्या अंगावर पाय झाडले आणि दवाखाना दणाणेल असा टाहो फोडला. पाटावरचे डॉक्टरसुद्धा हसले.

मग खोऱ्यातून कितीतरी जणी आल्या. कुबड्या घेणाऱ्या, ठेंगण्या, डोळ्यांनी अधू असलेल्या. कुणालाही उचलावं लागलं नाही.

आता माझे सांधे करकरतात. पण मला पॉलिश नको, हारतुरे नकोत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, खाटा घडवाल, दवाखाने बांधाल. तेव्हा जिला तिथे यायचं आहे तिला आधी विचारा, "तुला किती उंच चालेल, गो?" आणि ती सांगेल तिथेच करवत लावा.