पाण्याला ऊन

राजरत्नने खिशातून आरसा काढला, आभाळाकडे एकदा पाहिलं आणि ढगाआडून निसटलेलं ऊन अल्लद पकडून विहिरीत सोडलं.

सुमती काठाशी उभी राहून बघत होती. उन्हाचा तो पांढरा कवडसा विहिरीच्या ओल्या दगडांवरून खाली उतरला, पाण्यावर थांबला आणि थरथरू लागला. महापालिकेचा हा डासवाला पोरगा दर पावसाळ्यात करंजवाडीत यायचा, झाकणावरची झडप उचलून आत डोकवायचा, "मस्त आहे मावशी" म्हणून जायचा. आज मात्र लांब दांड्याची पळी त्याने खाली सोडली, वर ओढली आणि तिच्यापुढे धरली.

"बघा. नाचतायत."

पळीतल्या पाण्यात काडीच्या टोकाएवढे जीव होते. पाण्याच्या अगदी वरच्या कातडीला लागून आडवे पडलेले.

"आडवे पडतात ना, ते मलेरियाच्या डासाचे," राजरत्न म्हणाला. "या झडपेखाली जाळी होती मावशी. मी स्वतः बघितलीय गेल्या साली. कुठे गेली?"

सुमतीने पदर तोंडाशी नेला. वर पहिल्या मजल्यावर तिची सून मधुरा अंथरुणात होती. सहावा महिना चालू होता तिला आणि रक्तात हिवताप निघाला होता. दोन दिवस दवाखान्यात काढून काल घरी आणली होती. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, पुन्हा थंडी भरली किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं, तर जसे आहात तसे निघून या. तेव्हापासून सुमतीचे कान वरच्या खोलीशीच बांधलेले होते. भांडं पडलं तरी तिला हुडहुडीने वाजणारे दातच ऐकू येत.

"गंजली असेल," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती. जाळी तिनेच काढली होती.

वाडीत करंज नव्हता, जशी फणसवाडीत फणसाची बाग नव्हती. पण एके काळी होती सगळी झाडं. सुमतीचे सासरे, अप्पा, गॅलरीतल्या खुर्चीत बसून अजून सांगत, आधी इथे पाणी आलं, पाण्यामागे बाग आली, बागेमागे आपण आलो. मोट चालायची, नारळीला पाणी जायचं. मग शहर वाढलं. गोदीसाठी खणाखणी झाली, खड्ड्याखड्ड्यांत पाणी तुंबलं, बागा तोडून घरं उठली आणि घराघरांत माणसं हिवतापाने कुडकुडू लागली. सरकारने हुकूम काढला, विहिरी बुजवा. गिरगावातली माणसं अडून बसली. पाण्याला ऊन लागलं नाही तर ते पाणी देवाच्या कामाचं नाही, आणि पाण्यात राहणाऱ्या साती आसरा, त्या सात बहिणी, काळोखात कोंडल्या गेल्या तर घरातलं लेकरू मागतात. शेवटी तोड निघाली. विहिरीवर लोखंडी झाकण, झाकणाला झडप, झडपेखाली बारीक जाळी. श्रावणातल्या रविवारी भरदुपारी घरातल्या बाईने झडप उघडायची, पाण्याला ऊन दाखवायचं. जाळीतून ऊन खाली जाई, डास वर येत नसे. माणसाचं भय आणि पाण्याचं भय असं शंभर वर्षं एकाच बिजागरीवर झुललं.

तीन वर्षांमागे वाडीतल्या कुणी नव्या गाडीसाठी झाकणावर जागा धरली. अख्खा श्रावण झडप उघडली नाही. त्याच भाद्रपदात मधुराचं पहिलं बाळ पोटातच गेलं. सुमतीच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं.

यंदा वटपौर्णिमेला मधुराने लाजत नवी बातमी सांगितली. दुसऱ्याच दिवशी सुमती विहिरीशी गेली. जाळी धुळीने, कबुतरांच्या विष्ठेने गच्च बुजली होती. यातून कसलं ऊन जाणार? ती धुवायला म्हणून तिने ओढली, तर हातातच मोडली. तिने ती कचऱ्यात टाकली आणि नवी बसवली नाही. जाऊ दे सगळंच्या सगळं ऊन, तिला वाटलं, हातचं काही राखायचं नाही. पावसाळ्यातलं ऊन काय सांगून येतं? म्हणून झडपेखाली विटेचा तुकडा लावून ती अर्धी उघडीच ठेवली.

आणि त्या उघड्या जागेतून हे आडवे जीव पंख फुटून वर आले होते.

"औषध टाकतो," राजरत्न म्हणाला, "आणि झडपेला कुलूप. नवी जाळी बसवा, साहेब बघून जातील, मग उघडा. पण हा मोसम तरी बंद."

"उद्या रविवार आहे रे. श्रावणातला."

"मावशी, डासाला कॅलेंडर कळत नाय." तो हसला, मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "घरात कोण आजारीय का?"

"थांब जरा. आलेच." ती जिना चढू लागली. झडप बंद केली तर त्या साती जणी. उघडी ठेवली तर हे डास. दोन्हीकडून एकाच पोटावर नजर.

गॅलरीत अप्पा म्हणाले, "काय म्हणतोय तो डासांचा जावई?"

"कुलूप घालतो म्हणतो."

"मग?"

"तुम्ही सांगा ना अप्पा."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्या आजोबांनी ती झडप मागून घेतली. तेही घाबरलेलेच होते म्हणून, सुमती. शहाणे होते म्हणून नव्हे."

आतल्या खोलीत मच्छरदाणीत मधुरा डोळे उघडे ठेवून पडली होती. माटुंग्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. सासूच्या या उन्हाला ती "सातीजणींचं सनबाथ" म्हणून चिडवायची.

"आई, खालचं सगळं ऐकू आलं मला," ती म्हणाली. "कुलूप घालू देऊ नका."

सुमतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अगं, पण डास..."

"त्या वर्षी बंद होती झडप." मधुराचे ओठ कोरडे होते. "मला माहीत आहे याला काही अर्थ नाही. कॉलेजातल्या मुलांना मी रोज हेच शिकवते. तरी घालू देऊ नका."

सुमती मच्छरदाणीशेजारी जमिनीवरच बसली. "जाळी मी काढली, मधुरा. तुला हे माझ्यामुळे झालं."

"मी पाहिलं होतं," मधुरा म्हणाली. "गॅलरीतून. तुम्ही जाळी टाकून आलात, झडपेला वीट लावलीत. डास होतील हे मला कळत होतं. तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण बरं वाटलं मला. म्हटलं, असू दे."

मच्छरदाणीतून तिने हात बाहेर काढला. सुमतीने तो धरला, तो गरम की गार हे आधी चाचपून पाहिलं आणि मग घट्ट धरला. इतके दिवस तिला वाटत होतं, ही शिकलेली मुलगी आहे, घरात भ्यायचं काम आपल्या एकटीचं. आता कळलं, दोघी एकाच पाण्यात उभ्या आहेत आणि दोघींनाही तळ लागत नाही. कुणीतरी एकीने पाय रोवायला हवे होते. पोटुशीला कसं सांगायचं ते?

"मी लावते झडप," सुमती म्हणाली. "माझ्या हाताने. त्या साती जणींना राग आला तर माझा येईल. तुझं नाव मध्ये येणार नाही."

"आई, नको."

"तू काही केलंच नाहीस. तू झोपली होतीस. कळलं?" आवाज तिचा होता, पण तिला तो अनोळखी वाटला. हात सोडवून ती उठली.

खाली राजरत्नने औषध ओतलं होतं. पाण्यावर पातळ, मोराच्या पिसासारखा तवंग पसरत चालला होता. त्याच्याखाली काही दिसत नव्हतं. सुमती काठाशी वाकली. पूर्वी पाणी किती खोल असायचं! आता चहूकडे फरशी झाली, पावसाला जिरायला दुसरी जागा उरली नाही, म्हणून ते वर, वर चढत आलेलं. हात लांबवला तर लागेल इतकं. किंवा आतून त्या बहिणींनी हात लांबवला तर.

ती पुटपुटली, तिचं तिलाच ऐकू जाईल इतकं,

"साती जणी बायांनो, दार तुमचं लावते,
शिव्याशाप मागते, माझ्या माथी."

विटेचा तुकडा तिने काढून घेतला. झडप जड होती. ती खाली येताना पाण्यावरचा उजेड पातळ पातळ होत गेला, सुरीच्या पात्याएवढा उरला आणि विझला. लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज वाडीभर झाला.

राजरत्न कुलूप घेऊन उभा होता. "मावशी, हात काढा."

तळव्याखाली तिला काहीतरी हलल्यासारखं वाटलं. वर गॅलरीत कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, तिला न बघताही कळलं, कोण ते. मच्छरदाणीतून उठू नकोस म्हणून बजावलं होतं तरी.

"मावशी?"

"घाल," ती म्हणाली. पण हात काही तिने काढला नाही. मग राजरत्नने एकेक करून तिची बोटं हलकेच सोडवली आणि कुलूप लावलं.