छटाकचं वजन

"तुमचा काटा चाळीस ग्रॅम कमी दाखवतोय," हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, आणि मी भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसींचं वेळापत्रक वाचायला लागले.

टेबलावरच्या काट्यावर आमची मांजर बसली होती. वय वर्षं सतरा. तिच्या दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात, असं डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. औषधाने ती बरी होणार नाही, थोडे दिवस सुखाचे जातील एवढंच, आणि पुढे कधीतरी इंजेक्शन देऊन तिला शांत झोपवायचा निर्णय आपल्याला घ्यावा लागेल, हेही सांगितलं होतं. त्यावर माझ्या नवऱ्याचं उत्तर हे असं.

तेहतीस वर्षं हे दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरतात. लग्नाला जातील तरी आधी वाटेतल्या रद्दीवाल्याचा काटा बघतील आणि मग नवरा-नवरीकडे वळतील. प्रमाण वजनांची पेटी पिशवीत असतेच. ती त्यांनी तिथेच उघडली, चिमट्याने एक-एक वजन उचलून ठेवलं, काट्याच्या पोटातला स्क्रू अर्धा फेरा फिरवला, आणि मांजर पुन्हा वर बसवली. दोन किलो तीनशे पन्नासचे दोन किलो तीनशे नव्वद झाले.

"बघा," हे म्हणाले. किडन्याही त्यांनीच दुरुस्त केल्या असाव्यात, अशा थाटात.

डॉक्टरीणबाई भल्या. त्यांनी आभार मानले. सलाईनच्या बाटल्या दिल्या, रोज सकाळी कातडीखाली शंभर मिली कसं सोडायचं ते दाखवलं. निघताना ह्यांनी विचारलं, "किती झालं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

"आकड्यावर नसतं हो ते," त्या म्हणाल्या. "खाते का, अंग चाटते का, तुमच्याजवळ येऊन बसते का, ते बघा. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त व्हायला लागले की मला फोन करा. मी घरी येईन."

"तरी पण अंदाजे?"

"अंदाजे म्हणाल तर, दोन किलोच्या खाली गेल्यावर मी तरी थांबणार नाही."

एवढं सगळं बोलल्या त्या, पण ह्यांनी शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

मांजरीचं नाव छटाक. एका किराणा दुकानात हे काटा दुरुस्त करायला गेले, तर थाळीत हे पिल्लू झोपलेलं. काटा चुकतोय म्हणून दुकानदाराने तक्रार केली होती, आणि मूळ दोष हा असा चार पायांचा निघाला. ह्यांनी तिला पिशवीत घालून घरी आणलं. तेव्हा ती खरोखरच छटाकभर होती. पुढे चांगली पाच किलोची झाली, पण नाव तेच राहिलं. आम्हाला एक लेक आहे, ती नोकरीसाठी लांब गेली. घरात आम्ही दोघं आणि छटाक. खरं सांगायचं तर घर छटाकचं होतं, आम्ही तिच्याकडे राहायला होतो.

सलाईनचा कार्यक्रम सुरू झाला. खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बाटली टांगायची, मी छटाकला मांडीवर धरायची, हे सुई लावायचे. त्याआधी वजन. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ह्यांनी कार्यशाळेतला सगळ्यात चांगला काटा आणून ठेवला होता. माझा पोळपाट कपाटात गेला. रोजचा आकडा हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहीत. महिन्याभरात आकडा हळूहळू उतरत दोन किलो नव्वद ग्रॅमवर आला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी काही बोलले नाही, कारण मीही जेवले नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी ती भरली दोन किलो एकशे सत्तर.

"वाढलं," हे म्हणाले. दिवसभर शीळ घालत होते. लेकीला फोन करून सांगितलं. ती तिकडे रडली म्हणे, आनंदाने.

त्यानंतर आकडा पुन्हा उतरायला लागला, पण अगदी पाचपाच ग्रॅमनी. हे रोज सकाळी म्हणत, "दोनच्या वर आहे ना? मग झालं." पण घरात दिवसभर मी असते. मी घरीच पडदे शिवते, त्यामुळे माझं मशीन आणि छटाक एकाच खोलीत. मला दिसत होतं. ती कपाटाच्या मागे जाऊन बसायला लागली होती. अंग चाटणं बंद झालं होतं, पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. बोलावलं तर कान हलवायची, पण यायची नाही. मातीच्या ट्रेपर्यंत जाता जाता मध्येच थांबायची, आणि मग लादी मी पुसायची. प्रकृती तोळामासा म्हणतात ती याहून बरी असते. संध्याकाळी हे आले की मी सांगायची. हे कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

मग मी एका गुरुवारी भाजी आणायला गेले. भाजीवाला पालेभाजीवर पाणी शिंपडत होता. मी सवयीने म्हटलं, "पाणी झटकून तोल हं."

"झटकतो की ताई," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांनी एकदा भर दुकानात जुडी पिळून दाखवली होती. पाव किलोत चाळीस ग्रॅम पाणी निघालं. अजून गिऱ्हाईकं मला ऐकवतात."

मी हसले, पैसे दिले, आणि अर्ध्या रस्त्यात थांबले.

आधी आम्ही वजन करायचो आणि मग सलाईन लावायचो. तो क्रम कधी बदलला? आठवायला वेळ लागला नाही. वजन वाढलं त्याच सकाळी. सुई लावायच्या आधी छटाक चुळबुळ करते, काट्यावर आकडा ठरत नाही, सलाईननंतर ती गप्प बसते आणि आकडा स्थिर येतो, असं ह्यांनी सांगितलं होतं. काटेवाल्याचं म्हणणं, मला पटलं. शंभर मिली पाणी कातडीखाली सोडायचं आणि लगेच तोलायचं. शंभर मिली म्हणजे शंभर ग्रॅम. त्या गुरुवारी सकाळचा आकडा होता दोन किलो साठ, त्यातून शंभर वजा.

दुसऱ्याचं पाणी ती लबाडी आणि आपलं पाणी ते औषध. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला रस्त्यातच हसू आलं आणि रडूही आलं. समोरून येणारी शाळेची बाई मला ओलांडून गेली आणि मग मागे वळून बघत राहिली.

घरी जाऊन लगेच सांगावं असं वाटलं. पण दोन दिवस मी सांगितलं नाही. ह्यांना सांगितल्यावर पुढचा निर्णय मलाही घ्यावा लागणार होता. तोवर हे आकडा धरून बसले होते आणि मी ह्यांना.

रविवारी सकाळी हे बाटली टांगायला लागले तेव्हा म्हटलं, "आज आधी वजन करा."

"हलते ना ती."

"आता कुठे हलते? बघा तरी तिच्याकडे."

ह्यांचा हात पडद्याच्या दांडीवर तसाच राहिला. मग मी भाजीवाल्याची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही. हे ऐकून घेत होते. मधेच बाटली खाली काढून त्यांनी टेबलावर आडवी ठेवली.

"तुम्हाला कळलं नव्हतं?" मी विचारलं.

"कळलं नाही असं नाही," हे म्हणाले. "कळून घेतलं नाही. एका रात्रीत ऐंशी ग्रॅम वाढले म्हणून कुणी दुकानदार सांगायला आला असता, तर त्याचा काटा मी तिथेच उघडला असता."

"मग करू या का आता वजन?"

"नको."

हे कपाटाशी गेले आणि लादीवर पालथे पडून त्याच्या मागे बघायला लागले. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण बराच वेळ तसेच पडून होते. छटाक आत होती, भिंतीकडे तोंड करून. हे नुसतं तिच्याकडे बघत होते. उठले तेव्हा शर्टाला धूळ लागली होती. त्यांनी ती झटकली नाही, फोन घेतला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मंगळवारी सकाळी याल का?"

आता सगळं ठरलं असं मला वाटलं. माझं तर कधीचंच ठरलं होतं. पण मंगळवारी सकाळी छटाक आपणहून कपाटामागून बाहेर आली. मी उकडलेला मासा कुस्करून ठेवला होता, कुणी खाईल या आशेने नव्हे, ठेवायचा म्हणून. ती आली, वास घेतला, आणि दोन चमचे खाल्लं. मग खिडकीखाली उन्हात जाऊन बसली आणि पुढचा एक पाय चाटला. नीट, बोटांच्या मधूनसुद्धा.

महिनाभर ह्यांच्या मागे लागलेली मी, आणि मीच म्हटलं, "अहो, फोन करा. आज नको म्हणावं. खाल्लं तिने. बघा, पाय चाटतेय."

"बघतोय," हे म्हणाले.

"मग करा ना फोन. आज चांगला दिवस आहे तिचा."

"म्हणूनच आज."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"फोन केला तर आपण कशाची वाट बघायची?" हे म्हणाले. "ती परत कपाटामागे जाईल त्याची? तिला वाईट दिवशी कशाला पाठवायचं? पोट भरलंय, उन्हात बसलीय. मला तर हाच दिवस द्यायचाय तिला."

तेहतीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी सलग इतकी वाक्यं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मला भरून आलं. छटाकसाठी आलं तसं ह्यांच्यासाठीही आलं, आणि मी ते लपवलं नाही. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना लादीवर बसलो. ती आधी माझा हात हुंगून मग ह्यांच्या मांडीवर चढली. चढायला वेळ लागला, पण आम्ही कुणी मदत केली नाही. तिला ते आवडत नसे.

डॉक्टरीणबाई अकराला आल्या. आमच्याकडे एकदा बघून त्यांनी खुर्ची नाकारली आणि खालीच बसल्या. पहिलं इंजेक्शन फक्त झोपेचं, त्यांनी समजावून सांगितलं. सुई टोचली तेव्हा छटाक घुर्र घुर्र करत होती. त्यानंतरही करत होती. मग तिचं डोकं हळूच ह्यांच्या मनगटावर टेकलं आणि आवाज बारीक होत गेला. दुसरं इंजेक्शन कधी झालं ते मला नीट दिसलं नाही, डोळे भरले होते. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

"बरोबर वेळी बोलावलंत," दारात त्या मला म्हणाल्या. "बहुतेक लोकांना उशीर होतो."

मी परत आले तेव्हा हे तसेच बसले होते. उजवा हात तिच्या अंगाखाली होता. तो अवघडला असणार, पण काढला नव्हता.

"घाबरली नाही ना ती?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही तसंच वाटलं."

मी चहा करून आणला. ह्यांनी तो डाव्या हाताने घेतला आणि सावकाश प्यायला. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने खिडकीतलं ऊन बाजूला गेलं, तेव्हा हे तिला मांडीवर घेऊन, बसल्या बसल्याच, वीतभर उन्हाकडे सरकले.