कोळ्याचा आठवा पाय

शेवटी धाकट्याने कोळ्याचा अगदी निर्दोष फोटो काढला. आठही पाय, आठही डोळे, तोंडावरचे केससुद्धा मोजून घ्यावेत असे. पण हे घडलेलंच नाही, असं आपण सगळ्यांनी धरून चालायचंय. ताईला कळता कामा नये.

ताई दूरच्या शहरात, संग्रहालयात किड्यांचे फोटो काढायच्या नोकरीला लागली, तेव्हापासून तिचा फोन यायचा तो फक्त धाकट्याच्या चुका काढायला. जेवलास का, हे विचारणं तिच्या रक्तातच नव्हतं. "परत हललास, गाढवा!" हे मात्र ती इतक्या मायेने म्हणायची की धाकटा दिवसभर हवेत असायचा.

तो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचा, लोकांना 'हलू नका, हसू नका' म्हणून दटावायचा. घरी आला की न्हाणीघराच्या खिडकीतल्या मसुराएवढ्या कोळ्यापुढे स्वतःच श्वास रोखून उभा. ताईने शिकवलं तसं कोपर चौकटीला टेकवायचं, फ्लॅशपुढे पांढरं कापड ताणायचं, कॅमेरा केसभर पुढे सरकवत फोटोमागून फोटो घ्यायचे. एकात डोळे स्पष्ट, दुसऱ्यात गुडघे. मग कॉम्प्युटरवर सगळ्यांची थप्पी लावली की एक अख्खा कोळी.

त्या दिवशी तो जमला. धाकटा नाचला आणि मग मटकन खाली बसला. आता ताई फोन कशाला करेल?

म्हणून त्याने थप्पीतून पायांचे चांगले फोटो वगळले आणि धूसर पायांचा कोळी पाठवून दिला. डोळे बिघडवायला मात्र हात धजेना.

लगेच फोन.

"कोळ्याच्या डोळ्यांत माझ्या उशीचा अभ्रा दिसतोय," ताई म्हणाली. "इस्त्रीच्या डागासकट."

"कापड पांढरं हवं, असं तूच सांगितलंस."

"घरात दुसरं कापड नव्हतं?"

"होतं. पण हाच रिकामा पडला होता."

पलीकडे ताईने फोटो आणखी मोठा करून पाहिला.

"डाग दिसतोय म्हणजे डोळे लख्ख आलेत. मग पाय कसे गेले? मुद्दाम केलंस ना?"

धाकट्याने अभ्रा पाठीमागे लपवला.

"शिकलास की रे. आता माझं काय काम? ठेवते."

"ताई, थांब! याला सातच पाय आहेत!"

"कोळ्याला आठ असतात, दिवट्या."

"याला सात. धूसर आहेत म्हणून तुला कळत नाहीये."

ताई हसली असावी. "उद्या नीट काढून पाठव. मोजते."

कोळी खिडकीत आठही पाय ऐसपैस पसरून बसला होता. धाकटा त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"महोदय, आमची घरगुती अडचण सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन, ताई घरी परतेपर्यंत आपण आपला कोणताही एक पाय पोटाखाली दुमडून बसावे, ही नम्र विनंती. तसेच, कृपया हलू नये."