ब्रशवाल्यांकडची गर्दी

ब्रशवाल्या काकांच्या दुकानात बाटल्या धुवायच्या ब्रशापासून भिंती रंगवायच्या ब्रशापर्यंत सगळं त्यांच्या हातचं मिळायचं, मिळत नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. चौकापलीकडे ते भलंमोठं दुकान उघडलं आणि ही गत झाली. तिथे काचेची दारं आपोआप उघडत, आणि माणूस आत शिरला की त्याचं पाकीटही आपोआप उघडे. शेवटी मुलाने फोनवर निकालच देऊन टाकला, "बाबा, पुरे आता. महिनाअखेरीला येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. दुकान आवरून ठेवा."

काका नुसतं "बघू" म्हणाले. काकूंना मात्र हे रुचलं नाही. मुलाचं घर ऐसपैस होतं, सून गुणाची होती, सगळं खरं. पण तिथे दिवसभर करायचं काय? काउंटरमागच्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेण्यात त्यांची हयात गेली होती. न राहवून त्यांनी समोरच्या शिंप्याजवळ मन मोकळं केलं. वर बजावलं, "कुणाला बोलू नका हं, भाऊ!"

आता शिंप्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. काकूंना तेवढं ठाऊक नसावं, असं आपण धरून चालू.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ लागली. शिंप्याने कपडे झाडायचे ब्रश नेले, सुताराने पॉलिशचे, चहावाल्याने किटल्या घासायचे. पाववाल्याने केसांचा ब्रश नेला, तोही चांगल्या लाकडी मुठीचा. काका मिशीवर ताव देत म्हणाले, "बघितलंस? हातात कसब असलं की गिऱ्हाईक शोधत येतं."

काकूंनी मान डोलावली आणि मनातल्या मनात शिंप्याचा उद्धार केला. ही सगळी कीव करणारी गिऱ्हाइकं होती. नवऱ्याला सांगावं तर त्याचा चेहरा उतरणार, न सांगावं तर आपला जीव टांगणीला.

त्यात काकांनी हात सैल सोडला. शिंप्याकडे कोट शिवायला टाकला. सुताराला नवं काउंटर सांगितलं, पेंटरला नवी पाटी. पाववाल्याकडून रोज संध्याकाळी केक यायला लागला.

"अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत," काकू म्हणाल्या.

"अंथरूणही नवं शिवायला टाकू," काका म्हणाले.

काउंटर दुकानात येऊन बसलं त्या दुपारी काकूंचा धीर सुटला. त्या रडतच म्हणाल्या, "अहो, ही गर्दी खोटी आहे. दुकान बंद होणार म्हणून मी शिंप्याजवळ रडगाणं गायले, म्हणून येतायत सगळे. तुम्ही आपले उधळत सुटलात."

काका ब्रशाचे केस मुठीत बसवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"अगं, पाववाल्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. तो केसांचा ब्रश घेतो, आणि वर भाव न करता? या गल्लीत घासाघीस न करता कुणी टाचणी तरी घेतलीय का कधी? तेव्हाच ओळखलं."

"मग हा कोट कशाला? हे काउंटर कशाला?"

"त्यांनी माझी लाज राखली. मी काय ते गिळून ढेकर देऊ? म्हटलं, आलंय ते गल्लीतच फिरवू. त्या काचेच्या दुकानात दिलेला पैसा गावाबाहेर जातो, पुन्हा तोंड दाखवत नाही. इथे दिलेला चार घरी चहा पिऊन परत येतो."

"आणि नाही आला तर?"

"तर कोट घालून मुलाकडे जाऊ. सून म्हणेल, सासरा काय ऐटीत आलाय!"

काकूंना रडता रडता हसू फुटलं. मग रागही आला, कारण इतके दिवस घास घशाखाली उतरत नव्हता तो त्यांचा एकटीचा. पण त्या दिवशी नवऱ्याचा त्यांना फार अभिमान वाटला, हेही खरं.

पैसा निघाला होता फिरायला. काकांचा कोट गल्लीभर मिरवला आणि शिंप्याकडे तसल्याच कोटांची मागणी सुरू झाली. त्याने सुताराकडून कापडासाठी फळ्या करून घेतल्या. सुताराचं पॉलिश वाढलं, तसे पहिले ब्रश झिजले आणि तो दुसरे न्यायला आला, या वेळी खरोखरच्या गरजेने. ब्रशवाल्यांची झळझळीत पाटी बघून बाकीच्यांना आपापल्या पाट्या कळकट दिसायला लागल्या. शेजाऱ्याच्या पाटीइतकी उत्तम जाहिरात दुसरी नाही. पेंटरला दम खायला फुरसत उरली नाही. आजवर तो ब्रश काचेच्या दुकानातून आणायचा. त्या ब्रशांचे केस रंगात गळायचे आणि पाटीला मिशा फुटायच्या. आता तो काकांकडे आला आणि तासभर भावावरून भांडला. काकूंना इतकं गोड भांडण कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

महिनाअखेरीला मुलगा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. आत शिरायलाच जागा नव्हती. माणसांच्या डोक्यांवरून त्याने हाक मारली, "आई, आवरलं का?"

"कसलं आवरायचं?" काकू स्टुलावरूनच ओरडल्या. "गाडी आणलीस का? फार बरं केलंस. सुताराकडून लाकडी मुठी घेऊन ये आधी. तुझ्या बापाला मान वर करायला उसंत नाही."

मुलाने बाह्या सरसावत विचारलं, "म्हणजे माझ्याकडे येणार नाही तुम्ही?"

"येऊ की," काकू म्हणाल्या, "पाहुणे म्हणून." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.