पहिल्या कप्प्याला कुणी हात लावत नाही

मित्रांनो, मी एक जुना चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे, आणि माझं वरचं झाकण माझं नाही. मूळचं झाकण एकदा बसमध्ये गडगडत गेलं ते गेलंच. आताचं कुणा भलत्याच डब्याचं आहे, जरा सैल बसतं. बाकी मी अजून ठणठणीत आहे.

एका कारखान्यात पत्रा कापून, साच्यात दाबून मला घडवलं. तेव्हा जीव नकोसा झाला होता, खोटं कशाला सांगू? पण कप्पे एकावर एक बसले, वर कडी आली आणि मी दुकानाच्या फळीवर ऐटीत उभा राहिलो. एका तरुण सिस्टरने पहिल्या पगारातून मला विकत घेतलं. तीच माझी बाई.

पुढे अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघं एकाच सरकारी इस्पितळात जात राहिलो. धुलाईघराशेजारच्या जेवणाच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल आमचं. "ताईंचा डबा उघडला की पोटात कावळे ओरडायला लागतात," असं आया म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. मग रंगीबेरंगी हलके डबे आले. मी टेबलावर टेकलो की पोरी हसायच्या, "आला रणगाडा!" मला वाईट वाटायचं. बाईने मात्र मला कधी बदललं नाही.

तिच्या हाताखाली एक धाकटी सिस्टर होती. वॉर्डभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सलाइनची सुई कशी लावायची इथपासून रडणाऱ्या नातेवाइकाशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं तिला माझ्या बाईने शिकवलं. एके दिवशी जेवताना भिंगरीने एक पत्र पुढे केलं. तिला वॉर्डप्रमुखाची जागा देऊ केली होती. हो की नाही, ते संध्याकाळी पाचपर्यंत लिहून द्यायचं होतं.

"ताई, मी नाही म्हणून कळवतेय," ती म्हणाली. "पगार वाढला की मी वरच्या करात जाणार. मग सगळ्याच पगारावर जास्त कर कापणार. काम दुप्पट आणि हातात आधीपेक्षा कमी! सांगितलंय कुणी?"

"शहाणी आहेस," माझी बाई म्हणाली. "आगीतून उठून फुफाट्यात कशाला पडायचं?"

शेजारच्या टेबलावर पगार काढणारे कारकून जेवत होते. हिशेबात दशांशसुद्धा सोडत नसत म्हणून त्यांना सगळे दशांशभाऊ म्हणत. त्यांचा घास हातातच राहिला.

"अहो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात," भिंगरी म्हणाली.

"सगळे म्हणतात, पण मला एकजण विचारत नाही! ताई, तुमचा डबा द्या जरा."

जेवणं उरकताच त्यांनी मला विसळलं आणि माझे चारही कप्पे टेबलावर ओळीने मांडले. मग पाण्याचा जग घेतला. "हा तुमचा पगार. आधी पहिला कप्पा भरायचा. तो भरला की दुसरा, मग तिसरा. आता कर बघा. पहिल्या कप्प्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्यातून छोटा चमचा. तिसऱ्यातून मोठा चमचा. चौथ्यातून पळी. आज तुमचे दोन कप्पे भरलेत. पगार वाढला की थोडं पाणी तिसऱ्यात येईल. मोठा चमचा बुडेल तो तेवढ्याच पाण्यात. पहिल्या दोन कप्प्यांतला थेंबही जास्त जायचा नाही. म्हणजे हातात वाढलं की घटलं?"

"वाढलंच की!" भिंगरी ओरडली. मग तिला शंका आली. "पण मोठ्या डॉक्टरांचं पळीने काढतात, हा त्यांच्यावर अन्याय नाही का?"

"त्यांच्याही पहिल्या कप्प्याला हात लावत नाहीत. पोट सगळ्यांना एकच, म्हणून तो कप्पा सगळ्यांना सारखा. चौथा हौसेचा. काढायचं तर आधी हौसेतून काढावं, भुकेतून नाही."

"आणि काही जण पाचवा कप्पा लपवून ठेवतात, त्यांचं काय?"

"तो उघडायला मिळाला तर मी एक दिवस बिनपगारी काम करीन," दशांशभाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

माझी बाई हसली नाही. ती तिसऱ्या कप्प्याकडे बघत होती.

"बारा वर्षांपूर्वी मलाही हीच जागा देत होते," ती हळूच म्हणाली. "मी याच भीतीने नाही म्हणून लिहून दिलं. त्याच वर्षी लेकीला चित्रकला शिकायची होती. फी झेपली नाही. ती दुकानात कामाला लागली."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी नाही घेत ही जागा. तुम्ही घ्या."

"वेडी की काय! मी चार महिन्यांत निवृत्त होतेय." बाईने स्वतःचं पेन तिच्या हातात कोंबलं. "सही कर आधी. आणि माझ्याकडे बघत बसू नकोस."

भिंगरीने सही केली. बाई मला घेऊन मोरीपाशी गेली आणि नळ सोडून बराच वेळ रडली. मित्रांनो, मलाही रडू येत होतं. अठ्ठावीस वर्षं मी तिच्याच पिशवीत होतो. रोज माझे चार कप्पे तिच्यासमोर उघडत होते.

उरलेल्या चार महिन्यांत माझी बाई जमेल तेव्हा कुणाला तरी माझ्यासमोर बसवायची. आया, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, एकूण एकवीस जणांना तिने पाणी ओतून दाखवलं. निवृत्तीच्या दिवशी घरी गेल्यावर लेकीलाही दाखवलं. लेक सगळं शेवटपर्यंत बघत होती. मग तिने आईच्या हातातला जग काढून घेतला आणि म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी "पुढे गेलं की तोटाच होतो" म्हणून मागे थांबत असेल, तर आधी माहितगाराला विचारा. आणि तुम्हाला कळलेलं असेल, तर दुसऱ्याने विचारायची वाट बघू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.